साय न धरलेलं रक्त

सरांनी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली, एकदा नळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, गवळ्याकडून आणलंय का?"

प्रयोगशाळेतली बाकीची चार पोरं हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. बाकीच्यांच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या.

सशाच्या कानाच्या कडेची शीर अगदी वर असते. कान चोळला की ती फुगते, सुई घातली की रक्त येतं. ते नळीत थोडा वेळ ठेवलं की गोठतं, मग यंत्रात गरगरा फिरवलं की गोठलेला लाल भाग खाली बसतो आणि वर पाण्यासारखा भाग राहतो. त्याला आम्ही सीरम म्हणायचो. निरोगी सशाचं सीरम गवताच्या काडीच्या रंगाचं असतं, फिकट पिवळं, आरपार दिसणारं. माझ्या नळीतलं पांढरं होतं. नळीमागं बोट धरलं तर बोट दिसत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली, पोरगी म्हणून नव्हे, पोरांतसुद्धा पहिली. अब्बांचं मटणाचं दुकान होतं. आजोबांचंही तेच, त्यांच्या आधीच्यांचंही तेच. घरी आम्ही दखनी बोलायचो, पण दुकानातलं सगळं मराठीत, आणि धंद्याचं काही बोलायचं झालं की अब्बा घरीसुद्धा आपोआप मराठीवर यायचे. वडगावच्या बाजारात बकरं घ्यायचं तर ते हातानं पाठीचा कणा चाचपायचे, शेपटीच्या बुडाशी बोटं रुतवायचे, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, आणि विकणारा तोंडानं काहीही सांगत असला तरी मान हलवून पुढं जायचे. त्यांच्या हाताला जे कळायचं ते मला कॉलेजात पुस्तकातून कळायला दोन वर्षं लागली.

आमचे सर अब्बांचे गिऱ्हाईक होते. दर रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन यायचे. रांग असली तरी अब्बा त्यांना आधी घ्यायचे, कारण पोरीचे मास्तर. सर म्हणायचे, "चरबी बघून द्या हं, पिवळी नको." आणि अब्बा देतील ते न बघता पिशवीत घालून घ्यायचे. कोल्हापुरात माणूस मटण कुणाकडून घेतो यावरून त्याचा भरवसा कुठं आहे ते कळतं. सरांचा रविवारचा भरवसा अब्बांवर होता. सोमवार ते शनिवार मात्र नव्हता.

माझ्या प्रबंधाचा विषय सरांनीच दिला होता. जनावराच्या अंगात जिवाणू शिरले की त्याच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक पडतो ते बघायचं. काही सशांना मी जिवाणू टोचायची, आतड्यात राहणारे साधेच, पण रक्तात गेले की ताप आणणारे. काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचायची. मग दोघांचं रक्त घेऊन रंगाच्या यंत्रात प्रथिनं मोजायची. यंत्र नळीतून उजेड पाठवतं आणि किती उजेड पलीकडं पोचला ते सांगतं. आता नळीतलं पाणीच जर दुधासारखं असेल तर उजेड काय पोचणार? माझे आकडे कुठल्या कुठं जायला लागले. मिठाच्या पाण्याचे ससे ठीक. जिवाणूंचे ससे ताप चढल्यावर दुसऱ्या दिवशी पांढरे, म्हणजे त्यांचं सीरम पांढरं.

"यात एवढं काय आहे," सर म्हणाले. "रक्त घ्यायच्या आधी तुम्ही त्यांना खायला घातलंय. खाल्ल्यावर रक्तात चरबी येते. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा सांगेल."

"सर, खायला घातलेलं नाही. आणि घातलं असतं तर दोन्हीकडचे ससे पांढरे झाले असते."

"मग एकाच बाजूला घातलं असेल. विसरला असाल."

प्राणीघर सांभाळणारे एक मामा होते. पन्नाशीचे, करवीर तालुक्यातल्या खेड्यातून सायकलनं येणारे. लसूणघास आणणं, हरभरे भिजवणं, पिंजरे धुणं, सगळं त्यांच्याकडं. आदल्या दिवशी दुपारी मीच त्यांना सगळ्या पिंजऱ्यांतलं खाणं काढायला सांगितलं होतं आणि काढताना स्वतः उभी होते. सरांनी त्यांना बोलावलं.

"मामा, काल पिंजऱ्यांतलं खाणं काढलं होतं का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं, मग फरशीकडं.

"ध्यानात न्हाय, सायेब," ते म्हणाले.

मला वाटलं मी ओरडेन. ओरडले नाही. तेव्हा मला ओरडता येत नव्हतं. नंतर मी त्यांना एकटं गाठलं आणि विचारलं, मामा, असं का बोललात? ते पिंजऱ्याची जाळी घासत राहिले आणि म्हणाले, "काढलं न्हवतं म्हटलं तर मी कामचुकार. काढलं म्हटलं तर सायेब चुकीचं. माझं काय ऱ्हायलंय मग, सांगा." मी बाहेर आले. पायरीवर बसून मी रडले, आणि ती बाई रडतेय एवढंच सगळ्यांनी बघितलं. ती रागानं रडतेय हे कुणी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी अब्बा दुकान धुवून घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. मी अपेक्षा केली होती की ते म्हणतील, जाऊ दे, मास्तर आहेत. ते हात पुसत म्हणाले, "त्यात नवल काय हाय? ताप चढला की चरबी वितळती. रगतात उतरती. आणखी कुठं जाईल?"

"तुम्ही बघितलंय?"

"रगत न्हाय बघितलं नळीत घालून. पण आजारी बकरं उघडलं की कळतंय की. उपाशी बकरं सुकतंय ते निराळं आणि आजारी सुकतंय ते निराळं. उपाशाला चारा घाल, महिन्यात भरतंय. आजारी बकरं बक्कळ खातंय, तरी त्याच्या गुर्द्यावर चरबी धरत न्हाय. हाय ती पण पाणी सुटल्यासारखी हुती, बोट लावलं की थुलथुल हलती. आत कायतरी तिला खात असतंय."

मग आठवड्याभरात त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. शाहूवाडीकडून आलेल्या कळपात एक बकरं होतं, मानेखाली गाठी, पू झालेल्या. विकायला नव्हतंच ते, अब्बा असलं मटण कधी विकत नसत. गाडायच्या आधी त्यांनी ते माझ्यासाठी उघडलं. पोटात चारा भरलेला होता. आणि गुर्द्याभोवती, म्हणजे मूत्रपिंडाभोवती, जिथं पांढरी, घट्ट, मेणासारखी चरबी असायला हवी तिथं पिवळट, ओला, थरथरणारा थर होता. शेजारी त्यांनी निरोगी बकऱ्याचा गुर्दा ठेवला. दोन्ही माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, "हे तुझ्या पुस्तकात असंल की."

माझ्या पुस्तकात नव्हतं. असलं तरी मला सापडलेलं नव्हतं.

आज मला जे माहीत आहे ते सरळ सांगते. जिवाणू अंगात शिरले की शरीर त्यांच्याशी लढायला लागतं, आणि त्या लढाईत साठवलेली चरबी सुटून रक्तात यायला लागते. यकृत ती उचलतं, बारीक थेंबांत बांधतं आणि परत रक्तात सोडतं. एरवी ते थेंब रक्तातून उचलून घेणारी जी व्यवस्था असते ती तापात थंडावते. येणं वाढतं, जाणं कमी होतं, आणि रक्त दुधाळ होतं. यकृतातही चरबी साठते. लढाई महिनोन्‌महिने चालली तर साठा संपतो आणि जनावर खात असूनही सुकतं. म्हणजे अब्बांनी हात पुसता पुसता सांगितलं होतं तेच, थोडं लांब करून. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या नळ्या खोटं बोलत नाहीत.

मी प्रयोग परत केला. या वेळी खाणं काढताना पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, वेळ लिहिली, आणि त्या चिठ्ठीवर शेजारच्या टेबलावरच्या पोराची सही घेतली. साक्षीदार लागतो म्हणून! सशाचं खाणं काढलं याला साक्षीदार! त्या पोरानं स्वतःच्या प्रयोगात कधी कुणाची सही घेतली नव्हती आणि त्याला कुणी मागितलीही नव्हती.

ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी हँडबुकात मला एक साधी युक्ती सापडली होती. पांढरं सीरम फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. खाल्लेल्या अन्नातली चरबी असेल तर तिचे थेंब मोठे असतात, ते वर येऊन साय धरतात आणि खालचं पाणी निवळतं. चरबी शरीरानं आतून सोडलेली असेल तर थेंब बारीक असतात, साय धरत नाही, नळी वरपासून खालपर्यंत तशीच गढूळ राहते. मी एका निरोगी सशाला मुद्दाम तेलात घोळलेले हरभरे घालून त्याचं रक्त घेतलं. दोन नळ्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या.

सकाळी फ्रिज उघडला. तेलाचे हरभरे खाल्लेल्या सशाच्या नळीवर बोटभर नाही, पण नखाएवढी जाड साय होती आणि खाली स्वच्छ पिवळं पाणी. उपाशी, तापलेल्या सशाच्या नळीवर काही नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकसारखं पांढरं. मी दोन्ही नळ्या हातात घेऊन जवळजवळ पळतच सरांच्या खोलीत गेले. तो माझ्या त्या दोन वर्षांतला एकमेव आनंदाचा क्षण असेल, आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीपासून सरांच्या दारापर्यंत टिकला.

सरांनी नळ्या बघितल्या. नीट बघितल्या, हे मी कबूल करते. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आपला विषय प्रथिनं आहे. हे ससे तक्त्यातून वगळा. जे स्वच्छ आहेत तेवढे ठेवा."

"सर, जिवाणूंचे जवळजवळ सगळेच पांढरे आहेत. ते वगळले तर राहतं काय?"

"मग कमी डोस द्या, रक्त लवकर काढा. काहीतरी करा. मला स्वच्छ आकडे हवेत."

मी त्यांना अब्बांनी दाखवलेल्या बकऱ्याचं सांगितलं. गुर्द्यावरची चरबी कशी होती ते सांगितलं. मी सशाचं यकृतही कापून बघितलं होतं, ते फिकट आणि सुरीला ओशट लागणारं होतं, तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"अहो," ते म्हणाले, "इथं मटणाचं दुकान नाहीये."

ते ओरडले नाहीत. हसत, समजावल्यासारखं म्हणाले. त्यांना वाटलं असणार की हे विनोदी आहे. मी नळ्या उचलल्या आणि बाहेर आले. माझे कान इतके तापले होते की मी नळ्या कानाला लावून उभी राहिले, फ्रिजमधल्या गार नळ्या.

त्या रविवारी ते पिशवी घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "चरबी बघून द्या हं." अब्बांनी दिलं. मी आत उभी होते. ते गेल्यावर मी अब्बांना म्हणाले, याला तुम्ही का देता? याला तुमच्या डोळ्यांची किंमत नाही. अब्बा म्हणाले, "तुझं भांडण तुझ्यापाशी. मी चांगलं मटण देतोय, त्यात खोटं न्हाय. त्यानं काय म्हणायचं ते त्यानं म्हणू दे."

"मग मी पण गप्प बसू?"

"मी तसं म्हटलो का? तू का गप्प बसतीस? तू शिकलीयास."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. बरोबर असलेल्या माणसावर रागवण्याचा एक वेगळाच ताप असतो.

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं, की जनावरं कापणाऱ्या अनुभवी लोकांच्या पाहण्यात आजारी जनावराची चरबी अशी बदललेली आढळते. सरांनी त्यावर लाल शाईची रेघ मारली, आणि रेघ मारताना निब इतकं दाबलं की कागद फाटला. पांढऱ्या सशांचा तक्ताही काढून टाकला. उरलेले ससे इतके थोडे होते की त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण आकडे स्वच्छ होते.

मी तो मसुदा घेऊन टायपिंगवाल्याकडं गेले. त्यानं सगळं टाइप केलं. मग मी पिशवीतून आणखी सहा पानं काढली आणि म्हणाले, हे शेवटी जोडा, परिशिष्ट म्हणून. त्यात पांढरे ससे होते, उपाशी ठेवल्याच्या वेळा होत्या, फ्रिजमधल्या दोन नळ्या होत्या, यकृत होतं. अब्बांचं वाक्य नव्हतं. ते परत लिहायचा मला धीर झाला नाही. बांधून आलेल्या प्रती सरांपुढं ठेवल्या, त्यांनी पहिलं पान उलटलं आणि प्रमाणपत्राच्या पानावर सही केली. शेवटचं पान त्यांनी उघडलंच नाही. मला माहीत होतं ते उघडणार नाहीत. दोन वर्षांत त्यांनी माझी कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत वाचली नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते. बारीक, वयस्कर, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी पुढची पानं भराभर उलटली, दोन-तीन साधे प्रश्न विचारले आणि परिशिष्टापाशी थांबले. सर खुर्चीत जरा पुढं सरकले. त्यांनी ते पान पहिल्यांदाच बघितलं होतं.

"ही रक्तं पांढरी का झाली?" परीक्षकांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "प्राणी नीट उपाशी ठेवले गेले नसावेत. मी तिला ते वगळायला सांगितलं होतं."

"उपाशी ठेवले होते," मी म्हणाले. "वेळा लिहिलेल्या आहेत. सह्या आहेत. आणि फ्रिजमध्ये साय धरली नाही."

परीक्षकांनी ते वाचलं. सावकाश वाचलं. मग चेहरा उजळल्यासारखं करून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. संसर्ग झालेल्या सशाचं रक्त दुधाळ होतं हे पूर्वीच्या लोकांनी पाहून ठेवलंय. जुनं आहे हे. तुम्हाला वाचायला सांगितलं नाही का कुणी?"

आता काय वाटलं ते नीट सांगायला हवं. मी खरी ठरले होते. आणि त्याच वाक्यात मी शिळीही ठरले होते. माझे दोन वर्षांचे ससे, माझ्या चिठ्ठ्या, माझं रडणं, हे सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि मला ते वाचायला सांगायचं काम ज्यांचं होतं ते माझ्यासमोर बसले होते.

सर म्हणाले, "अर्थात. म्हणूनच ते मी परिशिष्टात ठेवायला सांगितलं."

खोलीत पंखा फिरत होता. मी म्हणाले, "सर, तुम्ही आत्ता दोन मिनिटांपूर्वी म्हणालात की वगळायला सांगितलं होतं."

"तुम्ही जरा शांतपणे..."

"मी शांत आहे. तुम्ही खोटं बोललात. आधी ते बोललात ते तरी खरं होतं. तुम्ही वगळायलाच सांगितलं होतं. तुम्ही हे पान आज पहिल्यांदा बघताय."

माझा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू गेला, हे नंतर कळलं. कोल्हापूरच्या माणसाचा आवाज लहान नसतोच, आणि मी मटण मार्केटात वाढलेली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि हसले. "तुमचं भांडण तुम्ही नंतर मिटवा," ते म्हणाले. "मला गाडी गाठायची आहे." मला त्यांचाही तेवढाच राग आला. खरं काय ते त्यांना समोर दिसत होतं, आणि त्यांना गाडी गाठायची होती.

मला दुसरा वर्ग मिळाला. पहिल्याला थोडे गुण कमी पडले, तोंडी परीक्षेतले. पहिल्या वर्गाशिवाय कॉलेजात नोकरी नव्हती, पुढचं संशोधन नव्हतं. मी अर्ज करत राहिले आणि शेवटी गडहिंग्लजच्या पलीकडं, नेसरीच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. तिथली माणसं चांगली होती. कानडी मिसळलेली त्यांची बोली मला आवडायची. पण मी तिथं चांगली नव्हते. मुलांच्या वह्या तपासताना कुणी प्रयोगाचं उत्तर पुस्तकातून उतरवलेलं दिसलं की मी इतकी भडकायची की पोरं माझ्या तासाला घाबरून बसायची. एका मुलीची वही मी सगळ्यांसमोर फाडली. तिनं फक्त शेजारणीचं बघून लिहिलं होतं. तो राग तिच्यावर नव्हता, हे मला फाडतानासुद्धा कळत होतं.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले होते. एका दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. शाहूवाडीकडची, भातशेतीवाल्या घरातली, वसतिगृहात राहणारी. दोन वेण्या, हातात छत्री. म्हणाली, "बाई, सरांनी पाठवलंय. मला त्यांनी विषय दिलाय, संसर्ग आणि रक्तातली चरबी. तुमची प्रयोगाची वही मिळाली असती तर..."

मी विचारलं, "काय विषय दिलाय म्हणालीस?"

तिनं परत सांगितला.

मी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "सरांना म्हणावं, हे मटणाचं दुकान आहे. इथं वह्या मिळत नाहीत."

"मला नाही समजलं, बाई."

"नाही समजणार. जा."

"निदान एकदा बघू द्या की. इथंच बसून बघते. उचलून नेणार नाही."

मी दार लावलं. अम्मी आतून म्हणाली, कोण होतं? मी म्हणाले, कुणी नाही. वही माझ्या ट्रंकेत होती, दारापासून दहा पावलांवर.

अब्बांना कळलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "त्या पोरीनं काय केलतं?" तो प्रश्न माझ्याबरोबर एस.टी.तून नेसरीला आला, आणि वर्गात माझ्यासमोर बसला, आणि उठेचना. उन्हाळ्यापर्यंत मी टाळत राहिले. मग एका रविवारी बसून ती वही पहिल्यापासून उतरवून काढली. डोस किती, रक्त कधी घ्यायचं, ताप कधी चढतो, खाणं कधी काढायचं, फ्रिजची युक्ती, कुठल्या चुका मी केल्या. आणि पहिल्याच पानावर, सरांनी जे खोडलं होतं ते अब्बांचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत लिहिलं. चुकीच्या जागी का होईना, लिहिलं.

शाळेत रजा टाकून मी कोल्हापूरला गेले. विभागात पाय ठेवायचा नव्हता, म्हणून कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. दुपारी ती बाहेर आली. वाळली होती. बोटांवर सशाच्या ओरखड्यांच्या रेघा होत्या, मला त्या चांगल्या ओळखू आल्या. मी कागद पुढं केले.

तिनं घेतले नाहीत.

"आता काय करू ह्याचं, बाई?" ती म्हणाली. "माझं झालं. टायपिंगला गेलंय."

"मिळालं का बरोबर?"

"मिळालं. पहिले तीन महिने काहीच नीट येत नव्हतं. कधी पांढरं, कधी स्वच्छ. खाणं किती आधी काढायचं तेच कळत नव्हतं. सर म्हणाले, तूच चुकतीयास. मग एकेक करून शोधलं." तिनं बोटांवरचे ओरखडे चोळले. "लई ससे गेले. निम्मे फुकट गेले. तुमच्या वहीत सगळं होतं म्हणून मामा सांगत होते."

"हो. होतं."

"मग का दिली नाही?"

मी तिला सरांचं सांगायला सुरुवात केली. तोंडी परीक्षेचं, लाल रेघेचं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा हलत नव्हता. मी अर्ध्यात थांबले.

"ते सगळं खरं असंल, बाई," ती म्हणाली. "पण मी त्या दिवशी छत्री घेऊन तुमच्या दारात उभी होते. सर न्हवते."

तिला मला शिवी द्यायची असावी. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फाटकाला टेकवलेली सायकल घेतली आणि निघून गेली. मी कागद घेऊन तिथंच उभी राहिले. आतून कुणीतरी ओळखीचं यायला लागलं तशी मी रस्ता ओलांडला आणि स्टँडवर आले. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला नववीला पचनसंस्था शिकवायची होती. पोरांनी विचारलं, बाई, आज वह्या तपासणार का? मी म्हणाले, नाही. ज्यांचा प्रयोग बरोबर आला नसेल त्यांनी पुढं या, आपण परत करून बघू. पहिली पाच मिनिटं कुणीच उठलं नाही.